हबका

आमच्या क्वार्टरात ताजं असं काही नसतं.
मालगाडी खंडव्याला अडली तर अडली,
बडनेऱ्याहून सुटली तर सुटली.
माझी भाकर मात्र साडेसातला तव्यावरून उतरते
आणि फडक्यात वाट बघत वाळते.
भुसावळात येऊन एकोणीस वर्षं झाली,
तेवढ्यात हे एक शिकले.

शेजारची हर्षाली, रावेरची, फाल्गुनात लग्न होऊन आलेली,
नवरा असिस्टंट, अजून भोंग्याचं कौतुक असलेला.
परवा दोन डबे घेऊन दारात उभी.
एकात कंडारी रोडच्या बेकरीचा पाव, वीट झालेला.
दुसऱ्यात आईच्या हातच्या चकल्या,
वाकवल्या तर वाकत होत्या.
म्हणाली, काकू, दोन्ही शिळंच ना? फेकू?

बस, म्हटलं. आधी बोटांनी विचार.
जे वाळलं त्याचं पाणी गेलंय.
जे सादळलं त्यात पाणी शिरलंय.
एकाला पाणी दे, एकाला आच,
उलट केलंस तर दोन्ही जातील.

पावाला पाण्याचा हबका,
इस्त्रीआधी सुती साडीला मारतो तेवढाच.
मंद तवा, वर झाकण,
आणि मागच्या रुळावरून जाणाऱ्या मालगाडीचे
अठ्ठावन्न डबे मोजून होईपर्यंत
झाकणाला हात लावायचा नाही.
चकलीला कोरडी कढई, लोखंडाची,
गॅस इतका बारीक
की आहे की नाही बघायला वाकावं लागेल.
काढल्यावर पसरून ठेव, गार होऊ दे,
कुरकुरीतपणा गार होताना येतो.
गरम असताना चाखून रडत येऊ नकोस.

शेवेचं काय म्हणतेस?
सादळलेली शेव लाल रश्श्यात बुडव, तिला तेच हवं असतं.
बट्टी पुन्हा वाफेवर, मग काप करून तुपात.
कळण्याच्या भाकरीचा चुरा, ठेचलेला लसूण, फोडणी,
पाहुणे आले तर त्यांनाही दे, मागून खातील.
पण खवट वास आला की हात जोड.
खवट शेंगदाणा कुणाच्या बापाला सुधारत नाही.
आणि हिरवा ठिपका दिसला तर
तेवढाच कापून बाकीचा खायचा नाही,
तो आत किती पसरलाय ते पावालाच ठाऊक.

ती गेली. पाच चकल्या नि तीन पाव ठेवून गेली.
मी ओट्याशी उभी राहून
आपल्याच दंडाला बोटं लावून बघितली,
वाळलेली की सादळलेली?
भांडी घासून हात कोपरापर्यंत ओले होते,
काही कळलं नाही.

सव्वादोनला तो आला.
डिझेलचा वास, कानात अजून गाडी चालू,
पेटी कोपऱ्यात ठेवून म्हणाला,
"ठी दे. उठसू मंग खासू."
एकोणीस वर्षं मी ठेवतेच आहे.
पण तव्यावर पाव होता, झाकणाखाली वाफ धरलेला,
आणि हर्षालीला सांगायचं राहिलेलं
मला तिथेच आठवलं:
पाव एकदाच उठतो.
उठवून ठेवला तर पुन्हा वाळतो
आणि मग लाकूड. मग पाणी नाही, वाफ नाही, काही चालत नाही.

ठेवणार नाही, म्हटलं. आत्ता खा.

बुटाची नाडी सोडता सोडता त्याने वर बघितलं,
मोकळ्या सेक्शनात मध्येच लाल दिवा दिसावा तसं.
थांबला. एक बूट पायात तसाच, पाटावर बसला.
मीही बसले समोर.
पाव मोडला, आतून धूर निघावा तशी वाफ निघाली.
"आजना शे का?"
परवाचा.
तो हसला नाही, पण दुसरा घेतला.

मग मी चकली मोडली.
रात्री अडीचला, बंद खिडक्यांच्या क्वार्टरात
एवढा मोठा आवाज झाला
की भिंतीपलीकडे एकटी जागी असलेली हर्षाली
नक्की म्हणाली असेल,
जमलं.